हरकत राखून

(नाशिकला युवकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. कायद्यातली कलमं आणि मुदती तेवढ्या छापण्याआधी पुन्हा ताडून घेतल्या.)

दोस्तांनो,

मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे, ती खिशातच राहू द्या. आज मी दोन पावत्या वाचणार आहे.

मी शिकलोय म्हणाल तर मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. काल रात्रपाळी केली, पहाटेची गाडी धरली आणि कसाऱ्याचा घाट चढून इथं आलोय. बोलता बोलता जांभई आली तर ती तुमच्यासाठी नाही, मुकादमासाठी आहे असं समजा.

पहिली पावती. रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीच्या पैशाची. गट नंबर, क्षेत्र, रक्कम. खाली छापलेलं वाक्य : 'मोबदल्याची रक्कम मिळाली, तक्रार नाही.' त्याखाली निळा अंगठा. तो अंगठा माझ्या बापाचा.

दुसरी पावती. कागद तोच, वाक्य तेच. पण 'तक्रार नाही' हे दोन शब्द पेनानं खोडलेत आणि बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय : 'रक्कम कमी आहे. हरकत राखून घेतली.' खाली सही. ती सही माझ्या चुलत्याची, तात्याची. तात्या सहावी नापास.

दोघे सख्खे भाऊ. दोघांची एकेक एकर. मध्ये एक बांध. माती एक, पाणी एक, आणि २०१८ साली दोन्ही तुकडे खाणारा रस्ताही एकच. एकाच मांडवात, एकाच टेबलावर, एकाच दिवशी दोघांनी कागद केले. मांडवात चहा होता. साहेब हसून बोलत होते. त्या कार्यालयाचं नाव मी घेत नाही. साहेब बदलून जातात, छापलेली पावती तीच राहते.

तात्यानं त्या एका ओळीच्या बळावर दावा केला. त्या दाव्याचा निकाल लागून आज ४४ दिवस झाले. एकरी ४ लाखांचा मूळ भाव ७ लाख झाला. बांधाच्या अलीकडं ७, पलीकडं ४. बांधावरच्या बाभळीला विचारा, तुझी मुळं कुठल्या भावाची?

मी घरचं रडगाणं गायला आलो नाही. त्या निवाड्यात आमच्या वाड्यातले ३२ खातेदार आहेत. हरकत लिहिणारा एकटा तात्या. बाकीच्या ३१ जणांचे अंगठे आणि सह्या 'तक्रार नाही'च्या खाली आहेत. या ३१ जणांसाठी कायद्यानं अजून एक दार उघडं ठेवलंय आणि ते साधारण दीड महिन्यानं बंद होणार आहे. त्या दाराकडं मी येतोच. आधी भिंत कशी बांधली ते बघू.

आमची जमीन महारवतनाची. वतन म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना पुस्तकातून माहीत आहे. माझ्या आज्याला ते पायातून माहीत होतं. सरकारी टपाल घेऊन पळायचं, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, गावाची राखण करायची. रात्र म्हणायची नाही, दिवस म्हणायचा नाही. बदल्यात एक जमिनीचा तुकडा, जो भावकीत वाटून वाटून अंथरुणाएवढा उरायचा. त्या तुकड्याच्या आशेवर अख्खी जात गावाच्या खुंट्याला बांधलेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं ते हा खुंटा उपटायला. तेव्हा ते पास झालं नाही. महारकीची वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. जमिनीच्या आकाराच्या तिप्पट रक्कम भरा आणि जमीन परत तुमच्या नावावर घ्या, असं त्यात ठरलं.

पण परत देताना सरकारनं एक शेपूट लावलं. नवी शर्त. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकायची नाही. आमच्या सातबाऱ्यावर ते शेपूट आजही आहे : भोगवटादार वर्ग २. हे आपल्या भल्यासाठीच होतं म्हणतात. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून. असेल बुवा. मी ते नाकारत नाही.

पण आता गंमत बघा. रस्ता येतो. सरकार म्हणतं, जमीन द्या, बाजारभावानं पैसे देतो. बाजारभाव कसा काढायचा? आजूबाजूच्या खरेदीखतांवरून. मग साहेब फाईल उघडतात आणि विचारतात, या पट्ट्यात गेल्या तीन वर्षांत विक्रीचे व्यवहार किती? एकही नाही? मग हिला भाव कसला?

म्हणजे ज्यानं विकू नको म्हणून लिहून ठेवलं, तोच विचारतो की विकली का नाहीस! गावकुसाबाहेर ठेवायचं आणि मग म्हणायचं, ही जमीन गावापासून लांब आहे, हिचा दर कमी. आमच्या जमिनीचा भाव कमी निघाला तो मातीमुळं नाही निघाला. तो त्या सातबाऱ्यावरच्या ओळीमुळं निघाला. सवाल मातीचा कधी नव्हताच.

मी गोदीत हे रोज बघतो. गोणी आमच्या पाठीवर असते आणि वजन लिहितो टेबलाजवळ बसलेला कारकून. त्यानं ५० लिहिलं की ५०. पाठ सांगत असते, बाबा, ही जड आहे. पण पाठीची सही चालत नाही. जमिनीचंही तसंच. जिनं ती कसली त्या माझ्या आईला कुणी विचारलं नाही की बाई, हिच्यात काय पिकायचं. निवाड्यात आमची विहीर 'पडीक' म्हणून लिहिली. ती त्या उन्हाळ्यात चार घरांना पाणी पाजत होती. आंब्याची दोन झाडं सरपणाच्या भावानं मोजली. आजीनं लावलेली झाडं, सरपण!

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण आपला राग खरा असला तरी साहेबाच्या टेबलावर राग जमा करून घेत नाहीत. कागद जमा करून घेतात.

इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा आपण शंभराहून जास्त वर्षं वापरला. १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा आला. त्याचं कलम २६ भाव कसा काढायचा ते सांगतं. एक, मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेला दर. ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. दोन, जवळच्या गावातल्या किंवा जवळपासच्या तशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी. खाजगी कंपनी किंवा भागीदारीच्या प्रकल्पात संमतीनं ठरलेली रक्कमही धरतात. यातली जी जास्त ती घ्यायची. आणि सरासरी काढताना तीन वर्षांची सगळी खतं घ्यायची नाहीत. जास्त किमतीची वरची अर्धी खतं घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. वरची अर्धी! हे दोन शब्द पाठ करून ठेवा. आमच्या निवाड्यात खालची खतं धरली होती आणि वरची 'प्रातिनिधिक नाहीत' म्हणून बाजूला टाकली होती. अवाजवी वाटणारी किंमत वगळायची मुभा अधिकाऱ्याला कायद्यानं दिलीय, हे खरं. पण का वगळली ते पटवावं लागतं. तात्याच्या वकिलानं तेच विचारलं : का वगळली? त्याला उत्तर नव्हतं.

आणि कायद्यात जमीन 'तशाच प्रकारची' आणि 'जवळपासची' हवी. ती आपल्याच वाड्यातली हवी असं कुठं लिहिलंय? तात्यानं शेजारच्या शिवारातल्या बागायतदाराचं २०१४ चं खरेदीखत काढलं. त्याची माती तीच, पाट तोच, रस्त्यापासून अंतर तेवढंच. फरक एकच, त्याचं आडनाव वेगळं. प्राधिकरणानं ते खत धरलं, थोडी वजावट केली आणि भाव वाढवला.

तुम्ही म्हणाल, एकरी ४ चे ७ झाले, ३ लाखांचा फरक. एवढ्यासाठी एवढी वर्षं? आता हिशोब बघा. मूळ भावाला ग्रामीण भागात गुणक लागतो, १ ते २ पर्यंत. त्यावर तेवढंच दिलासा म्हणून, म्हणजे शंभर टक्के. गुणक २ धरला तर ४ चे ८ आणि ८ चे १६ लाख. ७ चे १४ आणि १४ चे २८ लाख. पायात ३ लाखांचा फरक आणि कळसाला १२ लाखांचा. शिवाय बाजारभावावर दर साल १२ टक्के वेगळे, आणि वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं १५ टक्के व्याज. म्हणून साहेब मूळ भावाशीच खेळतात. पाया अर्धा ठेवला की घर आपोआप अर्धं होतं.

एक गोष्ट कडू आहे, पण बोलतो. गावातले मोठे बागायतदार स्टॅम्प वाचवायला खरेदीखतात कमी किंमत लिहितात आणि वरचे पैसे पिशवीत घेतात. त्यांची पिशवी भरते आणि कागदावर साऱ्या शिवाराचा भाव पडतो. पुढं संपादन आलं की त्याच कागदानं आमचा गळा कापला जातो. त्यांची चोरी आणि आमची वजाबाकी.

मघाशी चहा घेताना एक मित्र म्हणाला, 'अरे, कोर्ट त्यांचं, कायदा त्यांचा, जज्ज त्यांचा. तू पोरांना कोर्टाच्या पायऱ्या कशाला दाखवतोस? रस्त्यावर ये.' त्याचा राग मला कळतो. मी त्याला एवढंच विचारतो : महाडला १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आपली डोकी फुटली. त्यानंतर सवर्णांनी दावा लावला, तळं आमचं म्हणून. बाबासाहेब म्हणाले का, कोर्ट त्यांचं, जाऊ द्या? ते दहा वर्षं तो दावा लढले आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात जिंकले. इथं नाशिकला २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात आपली माणसं उभी राहिली, ती पाच वर्षं हटली नाहीत. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्या लढ्यात पुढं होते. त्याच दादासाहेबांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तुरुंग भरले. आपल्या बापजाद्यांनी एक हात रस्त्यावर ठेवला आणि एक कागदावर. आपल्याला एकच हात दिलाय का?

आणि मोर्चाचं मोल मला कोणी शिकवू नये. मी बंदरात काम करतो. खाडीपलीकडं न्हावा-शेव्याचं बंदर आणि नवी मुंबई ज्या जमिनींवर उभी राहिली, तिथल्या भूमिपुत्रांनी १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला उरणला गोळ्या झेलल्या. पाच जण मेले. दि. बा. पाटलांचा तो लढा झाला म्हणून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. ते कोर्टानं दिलं नाही, रक्तानं दिलं. पण त्याच भागातले शेतकरी भाव वाढवून घ्यायला वर्षानुवर्षं कोर्टातही लढले. दोन्ही केलं. मोर्चा नियम बदलतो. अर्ज, जो नियम आहे तो तुझ्या पदरात पाडतो. मोर्चा काढून आलास आणि पावतीवर 'तक्रार नाही' म्हणून अंगठा दिलास, तर घोषणा हवेत आणि जमीन रस्त्याखाली.

कोर्टाबद्दल मी भाबडाही नाही. कोर्ट जमीन परत देत नाही. रस्ता हवा की नको हे या दाव्यात विचारता येत नाही. फक्त किंमत विचारता येते. पण ते विचारताना तुम्ही काही भीक मागत नसता. सुप्रीम कोर्टानं १९६१ साली राजा हरिश्चंद्र खटल्यात सांगितलं, न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलं, की अधिकाऱ्याचा निवाडा हा कायद्याच्या नजरेत सरकारनं मालकाला केलेला देकार आहे. आणि निवाडा तुम्हाला कळला तेव्हापासून मुदत मोजायची. साहेबानं खोलीत बसून कागदावर सही केली तेव्हापासून नाही. १९८८ साली पुण्याच्या एका जमिनीच्या खटल्यात, चिमणलाल हरगोविंददास यांच्या, त्याच कोर्टानं भाव काढायची पद्धत कलमवार सांगितली. त्यातही हेच : निवाडा हा देकार, आणि कोर्टानं तो अपिलासारखा तपासायचा नाही, नव्यानं पुराव्यावर भाव काढायचा.

देकार! मंडईत कांद्याला व्यापारी पहिला भाव पुकारतो, तो देकार. आपण तिथं मान हलवतो का लगेच? तात्याला मी विचारलं, 'तात्या, तुम्हाला कुणी शिकवलं हरकत लिहायला?' तात्या म्हणाले, 'कांद्याच्या पट्टीनं शिकवलं. एकदा वजन कमी धरलं आणि मी गुपचूप पट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो तर म्हणाला, काल का बोलला नाहीस? तवापासून जे पटलं नाही ते कागदावर लिहूनच पुढं सरकतो.' याला म्हणतात शिक्षण. आम्ही मॅट्रिक होऊन काय दिवे लावले?

म्हणून नीट ऐका आणि गावोगाव सांगा. या जिल्ह्यात जमीन घेणं थांबलेलं नाही. गंगापूरचं धरण झालं, ओझरचा विमान कारखाना झाला, सातपूर-अंबडच्या वसाहती झाल्या, सिडको झाली. परवा परवा सिन्नर-इगतपुरीतून समृद्धी महामार्ग गेला. सुरत-चेन्नई महामार्गाच्या दरांवरून शेतकऱ्यांनी आवाज उठवला. नाशिक वाढतंय, आणि शहर वाढतं तेव्हा ते आधी गावकुसाबाहेर पाय पसरतं. तिथं कोण राहतं ते तुम्हाला माहीत आहे.

पैसे घ्या. घेऊ नका असं मी म्हणत नाही. उपाशी माणसाला पैसे नाकारायला सांगणारा पुढारी पोटभर जेवलेला असतो. पण घेताना लिहा : रक्कम कमी आहे, हरकत राखून घेतली. हरकत न लिहिता पैसे घेतले तर भाव वाढवायचा अर्ज करायचा हक्क जातो, असं कायद्यातच आहे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत अर्ज करा. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. उशीर झाला आणि कारण सबळ असलं तर कलेक्टरला आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घ्यायची मुभा आहे. अर्ज कलेक्टरकडं द्यायचा, त्यानं तो ३० दिवसांत प्राधिकरणाकडं पाठवायचा. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावरची वरात. राष्ट्रीय महामार्गाची जमीन असेल तर वाट वेगळी : तिथं केंद्र सरकारनं नेमलेल्या लवादाकडं जावं लागतं. महामार्गाच्या जमिनीला दिलासा रक्कम आणि व्याज नाकारायचे, ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१९ साली तरसेम सिंग खटल्यात घटनाबाह्य ठरवलं, हेही ध्यानात ठेवा.

भाव कमी आहे हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर असतं. म्हणून पुरावा जमवा. सातबारा, फेरफार, गट नकाशा. संयुक्त मोजणीचा कागद. दुय्यम निबंधकाकडून शेजारच्या जमिनींची सूची दोन आणि खरेदीखतांच्या नकला. विहिरीचे, झाडांचे, पाइपलाइनचे फोटो, आणि ते जेसीबी यायच्या आधी. नुसती गुंठ्यागुंठ्याची प्लॉटची खतं नेऊ नका. मोठ्या शेतजमिनीला प्लॉटचा भाव लावताना कोर्ट चांगलीच वजावट करतं. शेतीचं खत शोधा. आणि नव्या शर्तीच्या नावाखाली कोणी मोबदल्यातून कपात करत असेल तर विचारा, कुठल्या आदेशानं? लेखी द्या. तोंडी कपात म्हणजे नवी महारकी.

वकिलाचं म्हणाल तर दलाल पाळतच असतात. मिळेल त्यातला चौथा हिस्सा द्या, कोऱ्या कागदावर सही द्या म्हणतात. देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मागायचा हक्क आहे. त्यात उत्पन्नाची अट नाही. बाईला आहे, कामगाराला आहे. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं जाऊन अर्ज करा. हक्काचं आहे, मान खाली घालून मागू नका.

आता ते दार. कायद्याचं कलम ७३. एकाच अधिसूचनेखाली जमीन गेली असेल आणि त्यातल्या एकाचा भाव प्राधिकरणानं वाढवला असेल, तर ज्यांनी भाववाढीचा अर्ज केलाच नव्हता ते सगळे त्या निकालापासून तीन महिन्यांत कलेक्टरकडं अर्ज करू शकतात : आम्हालाही त्याच पायावर द्या. निकालाची नक्कल मिळवायला गेलेले दिवस या तीन महिन्यांतून वजा होतात. जुन्या कायद्यात हेच कलम २८-अ म्हणून १९८४ च्या दुरुस्तीनं आलं होतं, आणि ते केलंच मुळी अडाणी आणि गरीब माणसासाठी, ज्याला पहिल्या वेळी अर्ज करता आला नाही. त्या कलमाबद्दल २००२ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हंसोली देवी खटल्यात सांगितलं, की पैसे हरकत राखून घेतले की न राखता घेतले, यानं या अर्जाला बाध येत नाही. ऐकलंत? माझ्या बापाचा तो निळा अंगठा इथं आडवा येत नाही.

मी हे बापाला सांगायला गावी गेलो. बाप अंगणात बसला होता. निकाल लागल्यापासून तो तात्याच्या घरी गेला नव्हता. मी कलम वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, 'म्हंजी माझ्या भावानं लिव्हलं म्हनून मला मिळंल?' मी म्हणालो, 'होय बा. पण अर्ज तुम्हाला करावा लागंल.' तो म्हणाला, 'आणि बाकीच्यांना कोण सांगणार? म्हातारी हायेत ती. अर्धी पोरं मुंबईला.' मग उठला, टोपी घातली आणि तात्याच्या घराकडं गेला. बांध आता रस्त्याखाली गेलाय, त्यामुळं त्याला लांबून वळसा घालून जावं लागलं.

दोस्तांनो, ३१ अर्ज आहेत. त्यातले सात खातेदार वारलेत, त्यांच्या वारसांच्या नोंदी लावाव्या लागतील. तलाठ्याकडं खेटे आहेत. चार घरांचे वारस मुंबई-पुण्यात कुठं आहेत ते शोधावं लागेल. प्रत्येक अर्जाला निकालाची नक्कल जोडायची आहे. हे एकट्या गोदी कामगाराचं काम नाही, महिन्यात चार सुट्ट्या मिळतात मला. मला तुमच्यातली दहा पोरं-पोरी हवीत. अक्षर बरं असलं की पुरे. येत्या रविवारी सकाळी आठला नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवर भेटू. पेन आणा, निळं नको, काळं. फोटोकॉपीला निळं पुसट येतं.

घोषणा आपण देऊच, गळा आपला शाबूत आहे. पण ज्या म्हाताऱ्यांनी उभ्या जन्मात एकही कागद वाचून अंगठा दिला नाही, त्यांच्यासमोर बसून कागद मोठ्यानं वाचा. प्रत्येक ओळ. मग विचारा, पटलं का? नाही पटलं तर खोडा. खोडायचा हक्क आपल्याला आहे हे त्यांना एकदा हातानं करून बघू द्या. पैसे किती मिळतील ते प्राधिकरण आणि कलेक्टर ठरवतील. पण 'तक्रार नाही' हे आपल्या नावावर छापलेलं वाक्य आपण स्वतः खोडायचं.

जय भीम.

ता. क. या भाषणानंतर दोन रविवार गेले. दहा मागितली होती, तेरा पोरं-पोरी आली. ३१ पैकी २६ अर्ज दाखल झाले, सगळ्यांची पोच आहे. एका घराचा वारस भिवंडीला सापडला. बाकी चार जणांच्या वारस नोंदी अडकल्या आहेत, आणि मुदत संपायला हे लिहिताना ३० दिवस आहेत. ज्यांना येता येईल त्यांनी यावं.